रोजगार हमी, पक्षांचे राजकारण आणि आपला फड
(शेतकी विभागाकडून : ऊस विकास अधिकारी)



गटसभा कुठल्याही गावची असो, लागणीची माहिती सांगून झाली, चहा फिरला, की एखादा सभासद उठतोच. "साहेब, ते पट्टा पद्धतीचं ऱ्हाऊ द्या, आधी मजूर कुठनं आणायचा तेवढं सांगा." मागून दुसरा भर घालतो, "रोजगार हमीनं माणसं बिघडवली. मतांसाठी सरकारनं आपला मजूर पळवला." माना डोलतात. गटसभा ही या चर्चेची जागा नव्हे, म्हणून आम्ही हसून खोडव्याच्या खताकडे वळतो. या अंकात मात्र जागा मिळाली आहे, तेव्हा हा विषय एकदा मुळापासून मांडावा असे आम्हाला वाटते. आम्ही कुठल्या पक्षाचे नाही. पण दुष्काळ पडला, मंदी आली, की सरकारे काय करतात, विरोधी पक्ष काय करतात आणि त्यातले टिकते काय, हे सभासदांना माहीत असायला हवे. कारण त्या सगळ्याची झळ शेवटी आपल्या फडाला लागते.

ज्यांचे वय पन्नाशीच्या आत आहे त्यांना बहात्तरचा दुष्काळ ऐकूनच माहीत. आम्हीही त्यातलेच. १९७० पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२ साली तर खरीप हातचे गेले, रब्बीला ओल राहिली नाही. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्व भाग, सगळीकडे विहिरी कोरड्या. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे आणि दुष्काळी कामावर सुकडी. खडी फोडणे, रस्त्याला माती टाकणे, पाझर तलावाची पाळ घालणे, हीच कामे. मे १९७३ मध्ये सरकारी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. १९७१ च्या शिरगणतीत सबंध राज्याची लोकसंख्या पाच कोटी होती, म्हणजे दहातला एक माणूस खडीवर. ज्यांच्याकडे वीस-पंचवीस एकर रान होते, तेही कामावर गेले. आज आपल्या कार्यक्षेत्रात असे एक घर सापडणार नाही की ज्यातले कुणी त्या काळात टिकाव उचलला नाही किंवा उचलणाऱ्याला पाहिले नाही.

रोजगार हमी ही या दुष्काळात जन्मली असे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. तिची कल्पना त्याआधीची. सांगली जिल्ह्याचे वि. स. पागे हे १९६० ते १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते, सर्वोदयी विचाराचे गृहस्थ. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ च्या सुमारास त्यांनी प्रयोग करून पाहिला : जो काम मागेल त्याला गावाजवळच अंगमेहनतीचे काम द्यायचे, आणि ते काम असे निवडायचे की पुढे शेतीच्या उपयोगी पडेल. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना त्यांनी ही गोष्ट पटवली. १ मे १९७२ पासून योजना सुरू झाली आणि सुरू होते न होते तोच दुष्काळाने तिला पोटात घेतले. दुष्काळी कामे बंद झाल्यावर १९७४-७५ मध्ये ती पुन्हा वर आली.

आता राजकारण पाहा. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसचे २७० पैकी २२२ आमदार निवडून आले होते. विधानसभेत विरोधक मूठभर. पण रस्त्यावर ते मूठभर नव्हते. शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी, लाल निशाण ही मंडळी दुष्काळी कामांवर मजुरांच्या सभा घेत होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढारपणाखाली बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. ५० लाख माणसे एकदम कामावर आणि उद्या काम बंद केले तर ती जाणार कुठे, हा प्रश्न सरकारपुढे होता. सरकारने केवळ दयेपोटी योजना केली असे आम्ही म्हणत नाही, आणि केवळ विरोधकांच्या भीतीने केली असेही नाही. दोन्ही बाजूंनी रेटा होता म्हणून ती झाली.

त्यानंतरची सात वर्षे महाराष्ट्रात राजकीय उलथापालथ किती झाली बघा. फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईक गेले, शंकरराव चव्हाण आले. जूनमध्ये आणीबाणी लागली. मार्च १९७७ ला दिल्लीत काँग्रेस हरली आणि मे महिन्यात इथे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. जुलै १९७८ मध्ये दादांचे सरकार पाडून शरद पवारांनी पुलोदचे सरकार आणले, त्यात जनता पक्ष होता, शेकाप होता. एरवी एवढ्या घडामोडीत आधीच्याची योजना पुढच्याने गुंडाळून ठेवली असती आणि आपल्या नावाची पाटी लावली असती. इथे तसे झाले नाही. नाईकांनी सुरू केली, चव्हाणांच्या काळात तिच्यासाठी कर बसले, दादांच्या काळात १९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा केला, आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला तेव्हा खुर्चीवर पवार होते. एका योजनेला चार मुख्यमंत्र्यांचा हात लागला आणि एकानेही ती मोडली नाही. सांगलीचा कारखाना उभा करणारे वसंतदादा त्यात होते, ही गोष्ट मजूर पळवला म्हणणाऱ्या सभासदांनी ध्यानात ठेवावी.

कायद्यात काय होते? गावातल्या कुणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत ते द्यायचे, होता होईल तो घराच्या पाच किलोमीटरच्या आत. दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे नावालाच. तरीपण "काम द्या" ही विनंती राहिली नाही, ती मागणी झाली. बाई आणि पुरुष यांना मापाप्रमाणे एकच दर, हेही त्यात आले. बायका मोठ्या संख्येने कामावर येऊ लागल्या याचे कारण तेच असावे असे आम्हाला वाटते. आपल्या शेतात त्या काळी बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी होती, ते काही आपण आपणहून वाढवले नाही.

पण आमच्या मते या योजनेचा खरा कणा म्हणजे तिचा पैसा. तो समजून घ्यायला वसई-विरारला जाऊ.

वसईचे नाव आपल्याकडे किल्ल्यामुळे आणि चिमाजी आप्पांमुळे माहीत. ऊस उत्पादकांना आणखी एका कारणाने माहीत असायला हवे : वसईच्या बागायतीतला ऊस एके काळी नावाजलेला होता, १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात त्याची नोंद आहे. विहिरीवर रहाट, भोवती केळी, पानवेली आणि ऊस. आता तिथे ऊस पाहायचा तर रसवंतीत. १९९० नंतर गावे भराभर शहरात गेली, ३ जुलै २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला.

आमचे एक नातेवाईक विरारला राहतात, रोज चर्चगेटला नोकरीला जातात. त्यांच्या पगारपत्रकावर एक कपात असते : पी. टी., महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. हे कशाचे म्हणून आम्ही विचारले. म्हणाले, "कापतात बाबा, सगळ्यांचेच कापतात." हा तो व्यवसाय कर. १९७५ च्या कायद्याने तो बसला आणि त्यामागे कारण सांगितले गेले ते रोजगार हमीचे. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, डॉक्टराने, दुकानदाराने गावातल्या बेकाराच्या कामासाठी पैसा द्यायचा. त्याबरोबर विक्रीकरावर अधिभार, मोटार वाहन करात वाढ, शहरातल्या बिगर-निवासी जागांवर कर, जमीन महसुलावर वाढ, आणि आपल्यासाठी म्हणजे बागायतदारांसाठी सिंचित जमिनीवर विशेष आकारणी. जेवढा हा पैसा जमेल तेवढाच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायचा. सगळा मिळून रोजगार हमी निधी.

त्यात आपला शेतीचा वाटा किती, असे कुणी विचारील. फार थोडा. मोठा भार मुंबईने उचलला, आणि मुंबई म्हणजे केवळ कुलाबा नव्हे. पहाटेच्या विरार लोकलला दारात लोंबकळणारी माणसेही त्यात आली. (२०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ झाला आहे, ते चांगले झाले.) आता याच विरार-नालासोपाऱ्याच्या नाक्यांवर त्याच पहाटे दुसरी माणसे उभी असतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, रेतीवर, इमारतींच्या कामावर उतरतात. गावात काम मिळाले असते तर निम्मी तरी उतरली नसती. एका स्टेशनात काम मिळावे म्हणून कर भरणारा चढतो आणि काम मिळाले नाही म्हणून आलेला उतरतो. दोघांची ओळख नाही.

या भागात हमीचा दुसराही एक उपयोग झाला आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही. ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात लग्नगडी नावाची चाल होती. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. ते फिटत कधीच नसत. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६ साली झाला, पण कागदावर सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी खाणार काय? वसई तालुक्यात उसगावला विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांची विधायक संसद १९७९ मध्ये आणि श्रमजीवी संघटना १९८२ मध्ये उभी राहिली. त्यांनी वसई-भिवंडीकडचे वेठबिगार सोडवले, आणि सुटलेल्यांनी सरकारकडे काम मागावे, म्हणून रोजगार हमीचा आग्रह धरला. हातात हमीचे काम असेल तर माणूस मालकाला नाही म्हणू शकतो. आपल्या गटसभेत "मजूर माजला" म्हणतात ते याच नाही म्हणण्याला, हे आम्ही स्पष्टच लिहितो. सभासदांनी राग मानू नये.

योजनेत दोष नव्हते असे नाही. खोटे हजेरीपट, मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी, मोजमाप पुस्तकातला खाडाखोडीचा धंदा, हे सगळे झाले. माती टाकली आणि पावसाळ्यात वाहून गेली, पुढच्या साली पुन्हा तीच माती. अमेरिकेतल्या हेरिंग आणि एडवर्ड्स या दोन अभ्यासकांनी १९८३ साली लिहिले की या योजनेत मजुराला तात्पुरती मजुरी मिळते आणि पाझर तलावाचे, रस्त्याचे कायमचे फळ जमीनवाल्याला मिळते, म्हणूनच जमीनवाल्यांच्या पुढाऱ्यांनी तिला विरोध केला नाही. बोचते, पण खोटे म्हणता येत नाही. ज्या पाझर तलावाखालच्या विहिरींवर आज आपल्या कित्येक सभासदांचा ऊस उभा आहे, ती पाळ कुणी घातली? पुढे १९९० पासून हमीतून फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळाले, आंबा, डाळिंब, चिकू, काजू लाखो हेक्टरांवर वाढले. तीही जमीनवाल्याचीच कमाई.

सगळ्यात वाईट गोष्ट निधीची झाली. कर वसूल होत राहिला, कामे कमी होत गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला वर्षाला अठरा कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम निघे. १९८८ साली किमान वेतन दुप्पट झाले, मजुरी वाढली, त्याबरोबर कामे काढण्यातला सरकारचा हात आखडला आणि आकडा निम्म्यावर आला. राज्याने आपला बरोबरीचा वाटा वेळच्या वेळी टाकला नाही, निधीत पैसा पडून राहिला. आणि १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली. विरारपासून बसने काही तासांवरचे हे गाव. एकमताने केलेला कायदा होता, कर होता, निधी होता. काम मागणाऱ्याच्या पाड्यापर्यंत ते पोचले नाही. याचा दोष एका पक्षाला देता येत नाही, कारण त्यानंतर १९९५ ला सत्ता बदलली तरी कामांचा आकडा काही वर चढला नाही.

इथे थोडे बाहेर पाहू. ऑस्ट्रेलिया हा साखरेत आपला प्रतिस्पर्धी. आपल्या एफआरपीविरुद्ध आणि निर्यात अनुदानाविरुद्ध २०१९ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करणाऱ्यांत ब्राझील, ग्वाटेमालाबरोबर तोही होता. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला आणि भारताने अपील केले, हे सभासद जाणतातच. तिथल्या क्वीन्सलंड प्रांतात आपल्यासारखेच ऊसवाले मतदार आणि त्यांना जपणारे पुढारी आहेत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि जगभर मंदी आली तेव्हा तिथे मजूर पक्षाचे केव्हिन रड पंतप्रधान होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये १०.४ अब्ज डॉलर आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ४२ अब्ज डॉलर ओतले : लोकांच्या हातात रोख पैसे, शाळांच्या इमारती, घरांच्या छपरांना उष्णतारोधक थर. विरोधी लिबरल पक्षाचे माल्कम टर्नबुल यांनी कर्ज वाढेल म्हणून विरोध केला. वरच्या सभागृहात विधेयक एकदा पडले. मग एका अपक्ष सभासदाने मरे-डार्लिंग खोऱ्यातल्या नद्यांसाठीचा पैसा आधी सोडवून घेतला आणि मत दिले, तेव्हा ते पास झाले. पाणी आणि मत यांचा सौदा तिथेही होतो तर!

ऑस्ट्रेलिया त्या मंदीतून बराचसा सुटला. पण छपरांच्या घाईगर्दीच्या कामात चार तरुण कामगार मेले, ती योजना २०१० मध्ये बंद पडली, आणि पुढची कित्येक वर्षे निवडणुका त्याच भांडणावर झाल्या. गंमत पुढे आहे. २०२० मध्ये करोना आला तेव्हा सत्तेवर तेच लिबरल होते. स्कॉट मॉरिसन यांच्या सरकारने कामगाराच्या पगारापोटी पंधरवड्याला दीड हजार डॉलर मालकांमार्फत दिले आणि मजूर पक्षाने त्याला पाठिंबा दिला. विरोधात असताना जे उधळपट्टी वाटते ते खुर्चीवर बसून संकट अंगावर आले की गरजेचे वाटते. आपल्याकडेही हेच झाले, ते आता सांगतो.

महाराष्ट्राच्या कायद्यावरून केंद्राने २००५ साली राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला. काँग्रेसच्या आघाडीचे सरकार होते, पण विधेयकाला लोकसभेत इतरांचाही पाठिंबा मिळाला. घरटी शंभर दिवस काम, पैसा मुख्यतः केंद्राचा. महाराष्ट्राने आपला १९७७ चा कायदा त्याला जोडून घेतला : शंभर दिवसांपर्यंत केंद्र, त्यापुढे राज्य. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसभेत या योजनेची काँग्रेसच्या अपयशाचे स्मारक म्हणून टिंगल केली, आणि ती बंद करणार नाही असेही सांगितले. पाच वर्षांनी मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वसईच्या सनसिटी मैदानावर मे महिन्याच्या उन्हात गावी जाणाऱ्या रेल्वेसाठी हजारो मजूर रांगा लावून बसले होते, ते दृश्य वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी पाहिले. ती माणसे गावी पोचली तेव्हा तिथे त्यांच्यासाठी तयार असे एकच काम होते. त्याच सरकारने त्या वर्षी या योजनेला अर्थसंकल्पातल्या ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी दिले, आणि देशभरात ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. एवढे त्याआधी कधी निघाले नव्हते.

मात्र वसई-विरारमधल्या मजुराला त्याचा उपयोग नव्हता. कायदा ग्रामीण भागाचा. गाव महापालिकेच्या हद्दीत गेले की पाड्यावरचा आदिवासी रातोरात शहरवासी होतो, घर तेच, हाताला काम नाही तेही तसेच, फक्त हमी जाते. महापालिका होताना तिथल्या गावांनी आम्हाला वगळा म्हणून मोठे आंदोलन केले, त्यात घरपट्टी आणि जमिनी हे मुद्दे पुढे होते. हमीचा मुद्दा फारसा कुणी बोलले नाही. आपल्याकडेही तालुक्याच्या गावाभोवतीची खेडी नगरपालिकेत घ्यायच्या हालचाली चालतात, तेव्हा हे लक्षात घ्यावे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. विरोधकांनी सभागृहात जोराचा विरोध केला, म्हणजे १९७७ सारखे एकमत या वेळी नव्हते. शंभराचे १२५ दिवस झाले. खर्चाचा ४० टक्के भार आपल्यासारख्या राज्यांवर आला. आणि आपल्या कामाचे कलम असे की पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण ६० दिवस हमीची कामे बंद ठेवायची, ते दिवस राज्याने आधी जाहीर करायचे, आणि जिल्ह्याजिल्ह्याला, तालुक्याला ते वेगळे असू शकतात.

हे वाचून बरेच सभासद खूष झाले असतील. गटसभेत तशी कुजबुज आम्ही ऐकली आहे. म्हणून हिशेब मांडू. आपल्या भागात ऊसतोड नोव्हेंबर ते मार्च, कधी एप्रिलही उजाडतो. साठ दिवसांत ती बसत नाही. शिवाय आपला ऊस आपल्या गावचा मजूर तोडतो कुठे? लागण, भांगलण, पाला काढणे एवढ्यापुरता तो. फडात कोयता चालवतो तो बीडचा, नगर-पाथर्डीचा, जतचा. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन नवराबायको पोरांसकट आपल्याकडे येतात ते गावाला काम नसते म्हणून. बहात्तरच्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला आणि अजून थांबला नाही. म्हणजे आपल्या गावातल्या साठ दिवसांच्या बंदीने तोडणीला काही फरक पडणार नाही. फरक पडेल तो त्यांच्या गावात कामे बंद राहिली तर. आणि तशी मागणी आपल्यापैकी कुणी कुठल्या पुढाऱ्याकडे करायला निघाले असेल तर आमचे म्हणणे असे की करू नये. दुसऱ्याच्या गावची चूल बंद ठेवून आपला फड तोडून घ्यायचा, हा सहकार होत नाही.

उलट बाजूने विचार करा. उसगावच्या वेठबिगाराच्या हातात हमीचे काम आल्यावर त्याला मालकाला नाही म्हणता आले, तसे एखाद्या वर्षी बीडच्या जोडप्याला म्हणता आले तर? टोळ्या कमी येतील, तोडणीचा दर वाढवावा लागेल, काही ऊस यंत्राने तोडावा लागेल. यंत्रासाठी पट्टा रुंद लागतो, साडेचार फूट तरी, आणि ती तयारी लागणीच्या वेळीच करावी लागते, ऐन हंगामात होत नाही. आमच्या पट्टा पद्धतीच्या भाषणाकडे दुर्लक्ष करून मजुराचे विचारणाऱ्या सभासदाला आमचे उत्तर हेच आहे. ऊसतोड कामगारांच्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच राज्याने द्यायचे असे ठरले आहे. कर बांधून द्यायचा आणि सरकारने बरोबरीचा वाटा घालायचा, ही पागेसाहेबांच्या वेळचीच रीत. निधीत पैसा पडून राहण्याची जुनी खोड या वेळी लागू नये, एवढे आपल्या संचालकांनी आणि वार्षिक सभेत आपण विचारत राहावे.

हमीच्या कामांची यादी ग्रामसभेत ठरते. आपल्या गटातल्या जुन्या पाझर तलावांपैकी बरेच गाळाने निम्मे भरलेत. त्यांचा गाळ काढणे, पाळीची दुरुस्ती आणि फडापर्यंतचे पाणंद रस्ते ही कामे यादीत घालायची असतील त्या सभासदांनी तलावाचा गट नंबर, गावचा नकाशा आणि काम मागणाऱ्या मजुरांचे अर्ज तयार ठेवावेत. अर्ज लिहून द्यायला आमचे चिटबॉय मदत करतील. अर्जाची तारखेसह पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नये. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.